गावात थंड पाणी अन् शेडमध्ये गरम: सीएसआरचा कामगारावर खरंच फरक पडतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वर्धा जिल्ह्यातल्या एका एमआयडीसीत, साधारण २८० माणसांच्या कारखान्यात एचआर पाहणाऱ्या ताईंनी विचारलंय की आमची कंपनी दरवर्षी सीएसआरवर, म्हणजे कायद्यानं समाजासाठी करायच्या कामांवर, वीस-बावीस लाख घालवते, एमडी साहेब म्हणतात याचा आपल्या माणसांवर काय फरक पडला ते दाखवा, लोक टिकतात का, दांड्या कमी होतात का, मन लावून काम करतात का. कामगारांना विचारलं तर ते म्हणतात "आम्हाले काय त्याचं". यावर्षी साहेबांच्या डोक्यात आलंय की सगळ्यांना कंपनीच्या नावाचे टी-शर्ट देऊ, मोठा कार्यक्रम घेऊ, म्हणजे "अवेअरनेस" येईल. तर कामगारांना सीएसआर समजावून सांगायचं कसं?

ताई, फरक पडतो. दोन्हीकडून पडतो, चांगला पण अन् वाईट पण, अन् वाईट जो पडतो तो दिसत नाही म्हणून लोक समजतात काहीच पडला नाही. पण तुमचा शेवटचा प्रश्न मला उलटा वाटला. तुमच्या कामगाराला सीएसआर समजत नाही असं नाहीये, त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त समजून राहिलं आहे.

मी हे काम बावीस वर्षं केलं. सुरुवात जिनिंगमध्ये टाइमकीपर म्हणून, मग चंद्रपूरकडच्या सिमेंट-कोळसा पट्ट्यात एचआरला, मग यवतमाळ, मग परत इकडे. सीएसआर मी काही आवडीने घेतलं नाही. कंपनी कायद्याचं कलम १३५ एप्रिल २०१४ पासून लागू झालं तेव्हा हे खातं द्यायचं कोणाला हेच कंपन्यांना कळेना, अकाउंट्सवाले म्हणे आमचं नाही, अॅडमिनवाले म्हणे आमचं नाही, शेवटी फाईल येऊन पडली एचआरच्या टेबलावर. माझ्या पण पडली.

कायद्याचं आधी उरकून टाकतो कारण पुढे ते लागणार आहे. नेटवर्थ (देणी वजा जाता कंपनीची मालमत्ता) ५०० कोटी किंवा टर्नओव्हर १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी बसलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करावा लागतो. तुमचे वीस-बावीस लाख म्हणजे सरासरी नफा दहा-अकरा कोटीचा असणार. रक्कम ५० लाखाच्या आत असली तर वेगळी सीएसआर समिती लागत नाही, बोर्डच ते पाहतं, म्हणजे तुमच्याकडे एमडी साहेब अन् दोन-तीन डायरेक्टर हेच ठरवतात काय करायचं. कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्या असं कायदाच सांगतो. अन् सगळ्यात महत्त्वाचं, फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही. गावासाठी केलेल्या कामाचा फायदा गावात राहणाऱ्या कामगाराला आपोआप झाला तर ते चालतं, पण काम त्याच्याचसाठी केलं असेल तर नाही. ही ओळ डोक्यात ठेवा.

आता मुद्दा. पुण्या-मुंबईच्या ऑफिसातल्या माणसाला त्याच्या कंपनीचं सीएसआर कळतं ईमेलवरून. फोटो येतो, कुठल्या तरी पाड्यावर शाळा रंगवली, तो लाईक करतो अन् कामाला लागतो, ते गाव त्यानं कधी पाहिलेलं नसते. आपल्याकडे तसं नाही होत. तुमच्या कारखान्यातला लोडर, हेल्पर, फिटर, यातले निम्म्याहून जास्त दहा-पंधरा किलोमीटरच्या आतल्या गावातले असतील, मोटारसायकलवर डबा बांधून येणारे. तुम्ही ज्या शाळेत बाकं दिली त्या शाळेत त्याची पोरगी बसते. ज्या तळ्यातला गाळ काढला त्याच्या खालच्या बाजूला त्याच्या बापाचं वावर आहे. म्हणजे जो कर्मचारी तोच लाभार्थी, अन् जिथे कंपनीच्या धुराचा-धुळीचा त्रास आहे तिथे तोच पीडित पण. तो तुमचं सीएसआर नोटीस बोर्डावर वाचत नाही, संध्याकाळी घरी पाय धुऊन जेवायला बसला की बायको सांगते, माय सांगते, अन् मग पारावर चार जण सांगतात. तिथं त्याचा हिशेब होऊन जातो. सकाळी तो गेटवर येतो ते हा हिशेब करूनच येतो.

यावर संशोधन भरपूर झालंय, पण बरंचसं ऑफिसवाल्यांवर अन् बाहेरच्या देशातलं. तरी त्यातलं काही आपल्याकडे तंतोतंत लागू पडते. टर्बन आणि ग्रीनिंग यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सामाजिक कामात चांगलं नाव असलेली कंपनी नोकरी शोधणाऱ्याला जास्त चांगली वाटते. का वाटते, तर माणूस असा विचार करतो की जी कंपनी अनोळखी लोकांशी बरी वागते ती माझ्याशी पण बरी वागेल. सीएसआर म्हणजे कामगारासाठी एक चिठ्ठी आहे, मालकाचा स्वभाव सांगणारी. ब्रॅमर, मिलिंग्टन अन् रेटन यांनी २००७ मध्ये ब्रिटनमधल्या एका फायनान्स कंपनीच्या कर्मचाऱ्यांवरून मांडलं की कंपनी बाहेर समाजासाठी काय करते याचं कर्मचाऱ्याच्या मनातलं चित्र त्याच्या कंपनीवरच्या निष्ठेशी जोडलेलं असते, अन् ते नातं कामातल्या समाधानाइतकंच वजनदार. एमडी साहेबांना दाखवायला हे चांगलं आहे.

पण दाखवताना पूर्ण दाखवा. जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञानं अन् त्याच्या सहकाऱ्यानं ऑनलाइन काम करणाऱ्या लोकांवर प्रत्यक्ष प्रयोग केला, काहींना सांगितलं की कंपनी दानधर्म करते, काहींना नाही सांगितलं. तर ज्यांना सांगितलं त्यांच्यात कामचुकारपणा वाढला. अन् जेव्हा ते दान "तुमच्या वतीने" केलं असं सांगितलं तेव्हा हे जास्त झालं. माणसाला वाटते आपल्या खात्यात पुण्य जमा झालं, आता थोडं इकडेतिकडे केलं तर चालते. आपल्याकडे पण असतेच की असं, वारी करून आला की महिनाभर वजनकाट्यात हात हलका होतो काही दुकानदारांचा. म्हणून तुमच्या कार्यक्रमाच्या बॅनरवर "आपल्या सर्वांच्या वतीने" असं लिहायचं ठरलं असेल तर ते काढून टाका. अन् लोकांच्या पगारातून एक दिवसाचा कापून त्याला कंपनीचं सामाजिक काम म्हणायचं, हा प्रकार तर मी दोन ठिकाणी पाहिला, तो करूच नका.

आता मी स्वतः पाहिलेलं सांगतो. नाव नाही घेत.

एका प्लांटने शेजारच्या गावात पाण्याचं आरओ मशीन बसवलं, ते कार्ड टाकलं की वीस लिटर पाणी देणारं. गाव खरंच अडचणीत होतं, पाणी क्षाराचं, मुतखड्याचे पेशंट घरोघरी. काम चांगलं होतं, मशीन चांगलं होतं, उद्घाटनाला मोठे साहेब आले, रिबन, नारळ, फोटो, सगळं. महिना मे चा. चंद्रपूरकडचा मे काय असते ते तुम्हाला सांगायला नको, ४६ काय अन् ४७ काय. अन् त्याच प्लांटमध्ये पॅकिंगला बॅगा भरणारे जे ठेकेदारीतले पोट्टे होते त्यांच्या शेडवर काळी सिंटेक्सची टाकी होती, उघड्या उन्हात. दुपारी तीनला त्या नळाखाली हात धरवत नव्हता. पर्मनंटवाल्यांना कॅन्टीनमध्ये वॉटर कूलर होता, पण ठेकेदारीवाल्यांनी कॅन्टीनमध्ये यायचं नाही असा कोणी कधी लिहिलेला नाही पण सगळ्यांना माहीत असलेला नियम.

उद्घाटनानंतर आठ दिवसांनी मी शेडपाशी उभा होतो तर त्यातला एक जण मला म्हणाला, हसत हसतच म्हणाला, "साहेब, माह्या बायकोले कंपनी थंडगार पाणी पाजून राहिली अन् मले उकळून देते. आता मी काय बायकोच्या नावानं गेट पास काढू का?" सगळे हसले. मी पण हसलो. तेव्हा मला कळलं नाही की हे किती महाग पडणार आहे.

काही आंदोलन वगैरे झालं नाही. पुढचे तीन-चार महिने फक्त बोलणं बंद झालं. आधी बेल्टचा रोलर आवाज करायला लागला की यांच्यातलाच कोणी येऊन सांगायचा, आता बेल्ट बंद पडल्यावरच कळायचं. निअर मिसचे, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघाताचे, फॉर्म यायचे बंद झाले, अन् सेफ्टीवाला रिपोर्टमध्ये खुशीत लिहून राहिला की निअर मिस शून्यावर आले. फाटलेल्या बॅगा सरळ गाडीत चढायला लागल्या, डेपोवरून तक्रार आली तेव्हा समजलं. कोणी काही तोडलं नाही, कोणी चोरी केली नाही, फक्त जेवढं हजेरीत लिहिलंय तेवढंच करायचं असं सगळ्यांनी न ठरवता ठरवून टाकलं. पुस्तकी भाषेत याला जास्तीचं, मनाचं काम आटणं म्हणतात. आपल्याकडे म्हणतात "हातचं राखून".

गंमत पाहा, आरओ बसवायच्या आधी पण पाणी गरमच होतं अन् तेव्हा कोणाची तक्रार नव्हती. उन्हाळा आहे, टाकी तापते, चालते. सीएसआरने त्यांना मोजायची पट्टी दिली. कंपनीकडे पैसा नाही असं नाही, कंपनीला थंड पाण्याचं महत्त्व कळत नाही असंही नाही, म्हणजे आपल्यालाच द्यायचं नाही. बाहेर चांगलं वागणारी कंपनी आत वाईट वागली की ती दोन्हीकडे वाईट असलेल्या कंपनीपेक्षा जास्त बोचते, हे संशोधनात पण येतं, दिखाऊपणा वाटला की लोक थकतात, तुटतात, सोडून जायचा विचार करतात. मला ते त्या शेडपाशी समजलं.

शेवटी शेडवर पत्र्याची सावली केली, एक वॉटर कूलर लावला अन् कॅन्टीनचं दार सगळ्यांना उघडं केलं. लाखाच्या आतलं काम. मी आधी हे सीएसआरमध्ये टाकायला निघालो होतो, कंपनी सेक्रेटरीनं हाणून पाडलं, अन् बरोबर केलं त्यानं. ते सीएसआर नव्हतंच, ते आपलं देणं होतं. ठेकेदारीतल्या माणसांच्या सोयींची जबाबदारी शेवटी मूळ कंपनीवर येते हे कायद्यात काही नवं नाही. पाणी थंड झाल्यावर कोणी आभार मानले नाहीत, मानायचं कारण पण नव्हतं. पण दिवाळीच्या आसपास एक जण येऊन सांगून गेला की साहेब तीन नंबरचा रोलर आवाज करून राहिला. मला लय बरं वाटलं.

नागपूरच्या जुन्या लोकांना हे सांगावं लागत नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, तिथं १८८६ मध्ये पेन्शन फंड अन् १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली, तेव्हा सीएसआर हा शब्द कोणाच्या बापाने ऐकला नव्हता अन् असा कायदा तर नव्हताच. क्रम पाहा, आधी आत. आपल्या वर्ध्यात तर गांधीजींचा विश्वस्ताचा विचार, म्हणजे मालकानं संपत्ती समाजाची समजून सांभाळायची, भिंतीभिंतीवर लिहिलेला आहे, तो कंपन्यांच्या वार्षिक अहवालात पण सुविचार म्हणून येतो, असो.

दुसरा अनुभव चांगला आहे. यवतमाळकडे एका कंपनीनं गावतळ्यातला गाळ काढायला पोकलेन अन् डिझेल दिलं. गाळ शेतकऱ्यांनी आपापल्या ट्रॅक्टरनं न्यायचा. पोकलेन चालवणारा आमच्याकडेच ठेकेदारीत होता, त्याच गावचा. कन्सल्टंटनं नकाशा काढून आणला होता की अमुक बाजूनं खोदायचं. हा पोट्टा नकाशा पाहून म्हणाला, "तिकडे मुरूम लागते साहेब, चार फुटाखाली. चांगला गाळ उगवतीकडे हाय, माहा बाबा सांगते." नशिबानं त्या दिवशी आमचा साहेब ऐकण्याच्या मूडमध्ये होता. ऐकलं. गाळ निघाला, शंभरेक ट्रॉल्या वावरांत पडल्या, त्या पावसाळ्यात तळं बऱ्यापैकी भरलं.

त्या पोट्ट्यात जो फरक पडला तो मी दोन वर्षं पाहत होतो. आधी तो सुट्टी झाली की मशीन जिथं असेल तिथं सोडून जायचा, मग ग्रीसिंग स्वतः करायला लागला, हायड्रॉलिकचा पाइप झिजला तर फुटायच्या आधी सांगायला लागला. गावातले तीन चांगले पोरं त्यानं आयटीआय करून आणले अप्रेंटिसला. पण माझ्या कानाला जे लागलं ते वेगळं होतं. आधी तो म्हणायचा "कंपनीवाले". "कंपनीवाल्यांनी रस्ता खराब केला", "कंपनीवाले पाणी सोडत नाहीत". तळ्यानंतर कधीतरी तो बोलताना म्हणून गेला "आमच्या कंपनीनं". पुस्तकात याला ओळख जुळणं म्हणतात, संस्थेशी स्वतःचं नाव जोडून घेणं, अन् सीएसआरचा कामगारावर जो काही टिकाऊ परिणाम होतो तो बराचसा याच वाटेने होतो असं बरेच अभ्यासक मांडतात. मी तेव्हापासून तेच ऐकत फिरतो, चहाच्या टपरीवर, गेटवर, कंपनीवाले का आमची कंपनी. आजपर्यंत इतका भरवशाचा सर्व्हे मला मिळाला नाही.

अन् फरक गाळामुळे पडला का? थोडा. जास्त फरक त्याला विचारलं म्हणून पडला, अन् गावात त्याच्या बापाची मान वर झाली म्हणून. त्याच गावातला दुसरा एक हेल्पर, त्याच्या वावरात पण गाळ पडला, तो होता तसाच राहिला.

आता या दोन गोष्टींच्या मधली जी असते, सगळीकडे होते ती, झाडं लावणे. जुलैचा रविवार. पत्रक निघते, उपस्थिती ऐच्छिक आहे, अन् खाली सुपरवायझर तोंडी सांगते की जो येणार नाही त्याची पुढच्या महिन्यात ओटी (ओव्हरटाइम) पाहून घेऊ. माणसाची आठवड्याची एकच सुट्टी, त्यात डवरणीचे दिवस, घरी वावरात तण माजलेलं, अन् हा इथं बॅनरसमोर खड्ड्यात रोपटं धरून उभा. दसऱ्यापर्यंत अर्धी झाडं बकऱ्या खाऊन टाकतात, पाणी द्यायला कोणी ठेवलेलंच नसते. यातून कामगाराला जर काही वाटत असेल तर ते वाईटच वाटते. स्वयंसेवा करायची असेल तर कामाच्या वेळात, भरपगारी, अन् न येणाऱ्याला कोणी विचारायचं नाही. अन् हो, कर्मचाऱ्यांनी दिलेल्या तासांची किंमत काढून ती सीएसआर खर्चात दाखवता येत नाही, मंत्रालयानं ते स्पष्ट केलेलं आहे, तर तोही मोह नको.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगतो कारण आपल्या भागात ती सगळ्यात वर बसते. धूळ. बोंड फुटल्यावर कापसावर कारखान्याची धूळ बसली की कापूस करडा दिसते, व्यापारी भाव पाडते. ज्याच्या घरी हे होते त्या घरचा पोरगा तुमच्याकडे कामाला असेल तर त्याला तुम्ही गावात आरोग्य शिबिर घेऊन, खोकल्याची औषधं वाटून काही बरं वाटणार नाही. तो म्हणते, धूळ पण तुमचीच अन् औषध पण तुमचंच. तसंच जमिनीचं. ज्यांच्या जमिनी प्रकल्पात गेल्या ते सीएसआरला भीक समजतात, "आमाले बाकं नको, पोराले लावा" हे वाक्य मी हजारदा ऐकलं असेल. सीएसआर हे देण्याच्या वर असते, देण्याच्या जागी नाही चालत. तुमचा कारखाना धुळीचा नसेल, पण सांडपाणी, वास, ट्रकांनी खराब झालेला रस्ता, काहीतरी असेलच. आधी ते शोधा, कारण पारावर आधी त्याचीच चर्चा होते.

स्टाफचं वेगळं आहे, पटकन सांगतो. इंजिनिअर, अकाउंट्स, क्वालिटीवाले, बाहेरून आलेले लोक. त्यांना गावाशी तेवढं देणंघेणं नसते पण कंपनीच्या नावाशी असते, मित्रांत सांगता येते की आमची कंपनी अमुक करते. त्यांच्यावर ईमेल-फोटोचा थोडा परिणाम होतो. पण जो माणूस पोरांच्या शाळेसाठी नागपूरला जायचं म्हणून राजीनामा देऊन राहिला आहे तो तुमच्या सीएसआरमुळे थांबणार नाही.

आता साहेबांना दाखवायचं काय. पहिले, काय दाखवू नका. गैरहजेरी सीएसआरच्या खात्यात टाकू नका. आपल्याकडे जूनमध्ये पेरणी, दसऱ्यानंतर सीतादही (वेचणीआधीची वावरातली पूजा) होऊन कापसाची वेचणी सुरू झाली की माणसं जातात, लग्नसराईत जातात, त्याचा सीएसआरशी काही संबंध नाही. जूनची हजेरी जानेवारीशी लावून "सीएसआरमुळे सुधारणा" असा ग्राफ काढणारे मी पाहिलेत, पोटभर हसलो. लावायचीच असेल तर या वर्षीचा जून मागच्या जूनशी लावा. अन् "तुम्हाला कंपनीचा अभिमान वाटतो का" असा फॉर्म वाटू नका, ठेकेदारीतला माणूस एचआरच्या फॉर्मवर नाही असं लिहील का? शंभरातले शंभर हो म्हणतील अन् तुम्ही फसाल.

त्याऐवजी गाव धरा. तुमच्याकडे हजेरीपटावर गावाचं नाव असेलच. ज्या दोन-तीन गावांत कंपनीनं काम केलं तिथले कामगार एकीकडे, बाकी गावांतले दुसरीकडे, अन् काम व्हायच्या आधीचं वर्ष अन् नंतरचं वर्ष. नवीन लागलेला माणूस तीन महिन्यांच्या आत सोडून गेला का, ओळखीच्याला घेऊन आला का, बिघाड सांगायला स्वतःहून आला का, निअर मिस लिहिला का. २८० माणसांत टक्केवारी काढून काही उपयोग नाही, दोन माणसं इकडची तिकडे झाली की टक्के उड्या मारतात, सरळ आकडे मांडा, या गावचे ४० लागले त्यातले ९ गेले, असं. अन् पर्मनंट अन् ठेकेदारी वेगवेगळं काढा, एकत्र केलं की काहीच दिसत नाही. जर शेजारची कंपनी दिवसाला पन्नास रुपये जास्त देत असेल तर हे सगळं काहीही दाखवलं तरी माणूस तिकडे जाईल, ते पण साहेबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे नंतर तुमच्यावर येणार नाही.

"आम्हाले काय त्याचं" यावर समजावणी नको. त्यांना विचारा की यंदा कुठल्या गावात काय करायचं. पाच-सात जणांना बसवा, त्यात ठेकेदारीतले निम्मे, दोन बायका, अन् सुपरवायझरला त्या खोलीत बसवू नका. अंतिम निर्णय बोर्डाचाच राहतो, तेही त्यांना स्पष्ट सांगा, खोटी आशा लावू नका. मग बोर्डानं जे मंजूर केलं ते मराठीत, मोठ्या अक्षरात, रुपयांसकट गेटवर लावा, कुठलं गाव, काय काम, किती पैसे, किती झाले, किती बाकी. वेबसाइटवर इंग्रजीत टाकणं कायद्यापुरतं ठीक आहे, ते तुमच्या लोडरनं कधी उघडलं नाही अन् उघडणार पण नाही. एका ठिकाणी आम्ही असा बोर्ड लावला तर दुसऱ्याच दिवशी एक जण येऊन म्हणाला की साहेब इथं सोलर लाइट बारा लिहिले, गावात नऊच लागले. गेलो, मोजले, नऊच होते. एजन्सीवाल्याला पकडलं, तीन आणून लावले. त्या माणसाला कंपनीनं शाबासकी दिली नाही, साहेब उलट म्हणाले याला कोणी सांगितलं होतं मोजायला. मला वाटते कोणी मोजायला गेला याच्यापेक्षा मोठा पुरावा साहेबांना काय पाहिजे होता.

टी-शर्टचं म्हणाल तर ते कर्मचाऱ्यांसाठी आहेत म्हणजे सीएसआरमध्ये बसत नाहीत, अन् प्रशासकीय खर्चाला मुळात ५ टक्क्यांचीच मर्यादा आहे, तुमच्या रकमेवर लाखभर रुपये, त्यात कार्यक्रमाचा मांडव बसवायला जाऊ नका. ऑर्डर अजून गेली नसेल तर थांबवा. अन् सोमवारी दुपारच्या पाळीत, तीनच्या सुमारास, जिथं ठेकेदारीतले लोक पाणी पितात त्या नळाखाली स्वतः हात धरून पाहा. मे जवळ आलाय.